कावीळ गावात, गोंधळ ग्रुपवर

प्रश्न

ताई, नमस्कार. कृष्णाकाठच्या एका गावात माझं ई-सेवा केंद्र आहे. कोरोनात मीच गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, आज त्यात चारशेच्या आसपास माणसं आहेत. निम्मी गावातली, निम्मी मुंबई-पुण्याला गेलेली. पंधरवड्यापासून गावात काविळीची साथ आहे. टाकी धुतली, पाइपलाइनची गळती काढली, तरी रोज नवा पेशंट निघतोय. ग्रुपवर दिवसभर नुसता दंगा. कुणी काविळीच्या माळेचा पत्ता टाकतो, कुणी हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्याचा. एकाने पेशंटची नावांसकट यादी टाकली. त्यातल्या एका मुलीचं लग्न ठरत होतं, तिची आई माझ्या दारात येऊन रडली. दुसऱ्याने लिहिलं की सगळी घाण वरच्या वस्तीमुळे होते, त्यावरून मारामारी व्हायची तेवढी राहिली. मुंबईकर तिकडून सल्ले देतात. पुढच्या महिन्यात जत्रा आहे, म्हणून सरपंच म्हणतात, 'तू गावाची बदनामी करतेस, पोलिसात देईन.' सासरे म्हणतात, 'ग्रुप बंद कर, नसती बला.' पण मग आशाताईंचे निरोप पोचणार कसे? काय करू?

(नाव-गाव छापू नये.)

उत्तर

ग्रुप बंद करू नका. तुम्ही टाळं लावलंत तर संध्याकाळपर्यंत गावात चार नवे ग्रुप निघतील, आणि त्यातल्या एकातही तुमच्यासारखी रात्री झोप न लागणारी ॲडमिन नसेल. मात्र आज चाललाय तसाही तो चालू देऊ नका. साथ ओसरेपर्यंत फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येईल अशी सेटिंग करा आणि का केली ते दोन ओळींत सांगून टाका. ज्यांना बोलायचंय, भांडायचंय, त्यांना गप्पांचा वेगळा ग्रुप काढून द्या. घाबरलेल्या माणसाला बोलावंसं वाटतंच, त्याचं तोंड दाबण्यात अर्थ नाही. टँकरची वेळ त्या बडबडीखाली गाडली जाऊ नये, एवढंच बघायचं.

ॲडमिन म्हणून एकट्या राहू नका. आशाताई, ग्रामसेवक, पाणी सोडणारा जलसुरक्षक, शाळेतल्या एखाद्या बाई, आणि वरच्या वस्तीतलं एक जाणतं माणूस एवढे तरी हवेत. शेवटचं नाव गाळू नका, त्याच्याकडे पुढे येते.

आधी पोलिसांची भीती घालवू. ग्रुपवर दुसऱ्या कुणी काही वावगं टाकलं, तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. ॲडमिनचं आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. त्याच वर्षी ३० एप्रिलला, लोक बेड आणि ऑक्सिजनसाठी समाजमाध्यमांवर टाहो फोडत असताना, सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना बजावलं होतं की अशी तक्रार करणाऱ्या नागरिकांवर खोटी माहिती पसरवल्याचा ठपका ठेवून कारवाई करायची नाही. दुसरी बाजूही ऐकून ठेवा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात खोटी घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा सांगितली आहे. म्हणजे 'गावात कावीळ आहे, पाणी उकळून प्या' ही बदनामी नव्हे. 'टाकीत मेलेलं कुत्रं सापडलं म्हणे' असं लिहिलंत, तर मात्र तो 'म्हणे' तुम्हाला वाचवणार नाही.

हे सगळं सरपंचांना वाचून दाखवू नका. त्यांचं दुखणं निराळं आहे. पाण्याच्या पाहणीत ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. साथ आली की लाल कार्डाची टांगती तलवार, त्यात जत्रा तोंडावर आणि विरोधी पॅनेल टपलेलं. त्यांना बदनामीची भीती वाटते कारण ग्रुपवर त्यांचं म्हणून काहीच दिसत नाही. उद्या सकाळी टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकताना त्यांना तिथे उभं करा, फोटो काढा, खाली त्यांच्याच नावाने निरोप टाका. हा फोटो नको म्हणणारा सरपंच अजून जन्माला यायचाय.

आता मुद्द्याचं. तुमचा सगळा रोख अफवांवर आहे. पण साथीत खोट्या मेसेजइतकाच, कधीकधी त्याहून जास्त घात शिळा मेसेज करतो. २०२१ च्या एप्रिलात मी काही ओळखीच्या मंडळींबरोबर बेड आणि औषधांसाठी फोन लावायचं काम करत होते. रेमडेसिविरसाठी माणसं औषध दुकानांपुढे रांगा लावून उभी होती. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्या बऱ्याचदा खऱ्या असायच्या, पण कालच्या. बेड सकाळीच भरलेला, मेसेज मात्र पुढचे तीन दिवस जिल्हाभर हिंडतोय. अशाच एका यादीतला नंबर लावला तर पलीकडे औषधवाला. साठा कधीच संपलेला, फोन बंद ठेवावा तर रोजची गिऱ्हाइकं तुटणार. मला म्हणाला, 'बाई, तो मेसेज काढायला कुणाला सांगू?' सांगणार कुणाला? टाकणाऱ्याचं नावच त्यावर नव्हतं. इकडे तीच यादी बघून पेशंटला गाडीत घालून निघालेली घरं होती. आणि सिलिंडर पाठवतो म्हणून आधी पैसे मागवून फोन बंद करणारे चोरही त्याच याद्यांमध्ये मिसळलेले होते. त्या दिवसांत ज्यांच्या याद्यांचा खरा उपयोग झाला त्यांची शिस्त साधी होती. स्वतः फोन केल्याशिवाय नंबर टाकायचा नाही. किती वाजता फोन केला ते लिहायचं. बेड भरला की मेसेज काढायचा.

तुमच्या गावाला हेच लावा. ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक निरोपात वेळ, सांगणाऱ्याचं नाव, आणि तो निरोप कधीपर्यंत खरा, या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. उदाहरणार्थ:

'बुधवार, सकाळी ६ वाजता. आज नळाला पाणी ७ ते ८. प्यायचं पाणी उकळूनच घ्या. टँकर १० वाजता मारुतीच्या देवळापाशी. डॉक्टर दुपारी १२ ते २ उपकेंद्रात. हा निरोप आज रात्रीपर्यंतच धरा. – ग्रामसेवक आणि आशाताई.'

एवढंच. फुलं नकोत, हात जोडलेले नकोत, 'जनहितार्थ जारी' तर नकोच. हा निरोप पिन करा. दुसऱ्या दिवशी नवा टाकला की कालचा सगळ्यांसाठी डिलीट करा. दुसऱ्याने टाकलेला मेसेजही ॲडमिनला काढता येतो, ते अस्त्र हातात आहे तर वापरा. आणि फॉरवर्ड कुणाचाही असो, अगदी कलेक्टरसाहेबांचा म्हणून आलेला असो, तो तसाच ढकलायचा नाही. दवाखान्यात फोन करून विचारायचं आणि आपल्या शब्दांत नव्याने लिहायचं. दोन बाण असलेला मेसेज म्हणजे तो पुष्कळ हातांतून फिरून आलाय, एवढं लोकांना एकदा दाखवून द्या.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून गेलात: टाकी धुतली, गळती काढली, तरी रोज नवा पेशंट. याचं कारण आजच ग्रुपवर जायला हवं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे आज आजारी पडणारा माणूस गळती काढायच्या कितीतरी आधी ते पाणी प्यायलाय. काम नीट झालं असलं तरी अजून काही आठवडे पेशंट निघत राहणार. हे लोकांना आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिणारच, 'टाकी धुतली हे थोतांड आहे,' आणि त्यापुढे ग्रामपंचायतीचं खरंही कुणी ऐकणार नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून, त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून टाका. मिनिटभराच्या वर नको. वाचायचा कंटाळा करणारी म्हातारी माणसंही आवाज ऐकतात, आणि ओळखीच्या डॉक्टरांचा असला तर दोनदा ऐकतात.

पाणी सुधारलं हे मात्र सांगू नका, दाखवा. जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं किट असतं. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की त्यात क्लोरीन आहे. ही टेस्ट टाकीखालच्या नळाला केलेली कुणीही दाखवील. तुम्ही लाइनीच्या अगदी टोकाला, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, त्या नळावर करायला लावा. तो बहुधा वरच्या वस्तीतच असेल. रोज सकाळी त्या नळीचा फोटो, नळ कुणाच्या दाराशी ते आणि वेळ. एखाद्या दिवशी रंग आलाच नाही तर तोही फोटो टाका आणि खाली लिहा, 'आज क्लोरीन पोचलं नाही, दुरुस्ती चालू आहे, उकळल्याशिवाय पाणी तोंडात घालू नका.' सरपंच चिडतील. पण वाईट दिवसाचा फोटो टाकलात, तरच चांगल्या दिवसाच्या फोटोवर गावाचा विश्वास बसेल.

न कळलेलंही लिहायला लाजू नका. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे, म्हणजे हातापायांतलं बळ घालवणाऱ्या नसांच्या आजाराचे, पेशंट एकदम वाढले. नेमकं कशामुळे, याचा तपास चालू होता आणि तेवढ्यात 'हा शिवल्याने होतो', 'चिकन बंद करा' असे मेसेज सुटले. जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि चिकन पूर्ण शिजवून खाल्लं तर त्याची भीती नाही. त्या पहिल्या दिवसांत कामाचा मेसेज एकच होता: पाणी उकळा, आणि जुलाबानंतर पायात मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला, जिना चढवेना, तर थेट हॉस्पिटल गाठा. कारण सापडायच्या आधीही काय करायचं ते सांगता येतं. तुमच्याकडे नमुने तपासायला गेले असतील तर 'गेलेत, रिपोर्ट आलेला नाही' असंच लिहा.

माळ आणि हात धुण्याचं काय? त्यावरून ग्रुपवर भांडू नका, भांडून आजवर कुणाची माळ उतरलेली नाही. पाण्यातून होणाऱ्या या काविळीला लागू पडणारं खास औषध ॲलोपथीतही नाही. आराम, साधं जेवण, भरपूर उकळलेलं पाणी, आणि बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. श्रेय मिळतं माळेला. चुन्याच्या पाण्यात हात धुताना पाणी पिवळं होतं ते कसं, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं दाखवत आलेत. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधीच हाताला चोळलेला असला की चुन्याच्या निवळीत पिवळा रंग उतरतो. हा प्रयोग एखाद्या गुरुजींना शाळेत करून दाखवायला सांगा, पोरं घरी जाऊन सांगतील. ग्रुपवर मात्र एवढंच ठणकावून लिहा: गळ्यात काय घालायचं ते घाला, पण पोटात काही घेऊ नका. अनोळखी मुळ्या, काढे, नाकात सोडायचे थेंब आणि मनानेच घेतलेल्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या यांचा भार आधीच सुजलेल्या लिव्हरवर पडतो. आणि पेशंट झोपाळू झाला, बरळायला लागला, उलट्या थांबेनात, कुठून रक्त आलं, तर माळ गळ्यात असो नसो, १०८ ला फोन. नुसती शंका विचारायची असेल तर १०४. हे दोन नंबर मात्र शिळे होत नाहीत, ते ग्रुपच्या माहितीतच लिहून ठेवा.

ती यादी टाकणाऱ्याला आजच फोन करा. मेसेज नको, फोन. यादी काढून टाका आणि ज्याने ती दवाखान्यातून बाहेर काढली त्याच्याबद्दल डॉक्टरांना सांगा. २०२० च्या मार्चमध्ये आपल्याकडे होम क्वारंटाइनवाल्यांच्या हातावर शिक्के मारले होते, आठवतं ना? लोक त्या शिक्क्याकडे कसे बघायचे तेही आठवत असेल. मग माणसं ताप लपवायला लागली. बुलढाण्यात शेगाव तालुक्यात २०२५ च्या सुरुवातीला काही गावांत लोकांचे केस गळू लागले, तर बातम्यांनी त्याचं 'टक्कल व्हायरस' करून टाकलं. असं नाव एकदा चिकटलं की त्या गावाशी सोयरीक करताना माणूस दहादा विचार करतो. तुमच्या गावातल्या त्या आईला हेच भ्या वाटतंय. तिला सांगा, कावीळ बरी होते आणि मुलीच्या संसाराला तिचा काही अडथळा नाही. ग्रुपवर फक्त आकडा जाऊ द्या, तोही प्राथमिक आरोग्य केंद्राने सांगितलेला, दिवसातून एकदा. गल्लीचं नावसुद्धा नको.

वरच्या वस्तीचा मजकूर यादीहून वाईट आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी भटकी माणसं होती ती, आणि मागे होत्या मुलं पळवणाऱ्या टोळीच्या मोबाइलवरच्या अफवा. 'सगळं त्यांच्यामुळे होतंय' हे वाक्य मारायला उठवतं, मग त्यातले 'ते' कोणीही असोत. असा मेसेज दिसला की चर्चा न करता काढायचा, टाकणाऱ्याला ताकीद द्यायची, दुसऱ्यांदा केलं तर ग्रुपबाहेर. आणि म्हणूनच त्या वस्तीतला ॲडमिन हवा. गळती कुठे होती, पाइप गटारातून कुठे जातो, हे त्यांनाच तुमच्या-माझ्यापेक्षा नेमकं माहीत असणार. बऱ्याचदा ते वर्षभर सांगत असतात आणि ऐकणारं कुणी नसतं.

एक गोष्ट मोबाइलवर बसलेल्यांना दिसत नाही. घरात पाणी भरते, उकळते ती बाई. फोन असतो नवऱ्याकडे, आणि नवरा नऊ वाजता फोन घेऊन रानात. तुमचा दहाचा मेसेज चुलीपर्यंत पोचतो रात्री. म्हणून निरोप पहाटे, डेअरीला दूध घालायच्या वेळेला. तोच निरोप डेअरीच्या फळ्यावर खडूने आणि देवळाच्या भोंग्यावरून. ज्या घरात स्मार्टफोनच नाही अशा घरांची नावं आशाताईंना पाठ असतात. तिथे माणूस जायला हवा, आणि हे काम कॉलेजच्या पोरांना आवडतं.

मुंबईकरांचं म्हणाल तर ते बिचारे काळजीने बोलतात, पण रिकाम्या हाताने बोलतात. त्यांना काम द्या. ज्याचे आईबाप गावात एकटे आहेत, त्याने रोज रात्री त्यांना आणि शेजारच्या दोन घरांना फोन करायचा: पाणी उकळलं का, कुणाला मळमळ, कुणाची लघवी गडद? कुणी आजारी वाटलं तर फक्त आशाताईंना कळवायचं. वर्गणीची भाषा आली तर पैसे कुणाच्या खासगी खात्यावर मागू नका, वस्तू मागा. मेडिक्लोरच्या (पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या) बाटल्या हव्यात का, झाकणाची पिंपं हवीत का, ते आरोग्य केंद्राला विचारा.

जत्रा भरवायची की नाही हा निर्णय तुमच्या गळ्यात घेऊ नका, तो आरोग्य खात्याने आणि पंचायतीने घ्यायचा. घेतला की त्यांच्या नावानिशी टाका. भरलीच, तर पाहुण्यांना आधी कळू द्या की पाणी आपलं आपण आणायचं, आणि बर्फ, उसाचा रस, पाणीपुरी नको.

एक काम मात्र या सगळ्याच्या आधी, आज रात्री. काविळीचा विषाणू ई असेल तर गरोदर बाईच्या, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जिवावर बेतू शकते. रिपोर्ट येईपर्यंत तो ई आहे असंच धरून चाला. गावातल्या गरोदर बायकांची नोंद आशाताईंच्या रजिस्टरात आहे. ती ग्रुपवर आणू नका, दोघींनी मिळून एकेका घरी फोन लावा. पाणी उकळलेलंच, जेवण ताजं, आणि डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर सकाळची वाट न बघता १०२ किंवा १०८. बाळंतपणाला माहेरी यायच्या असलेल्या, जत्रेला येणाऱ्या गरोदर लेकींनाही कळवायला हवं की सध्या येऊ नका, साथ गेली की या. तुम्ही सांगितलंत तर सासरची मंडळी चार शंका काढतील. तोच फोन तिच्या आईने केला तर ती थांबेल. म्हणून आधी त्या आयांना गाठा.